पाच गाठींचा दोरा

सिस्टर, तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा अजून माझ्या टेबलावर आहे. झाकणावरचं चित्र पुसून गेलंय, एका कोपऱ्याला गंज धरलाय, पण मी तो बदललेला नाही आणि कुणाला बदलूही देत नाही. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी सगळ्यांदेखत हा डबा माझ्या हातात ठेवलात, तेव्हा बाकीच्या पोरी तोंड लपवून हसल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मलाही जरा लागलंच होतं. आता आपल्या सहा खाटांच्या आयसीयूत तुमच्या खुर्चीवर मी बसते, नव्या पोरी मला मोठ्या सिस्टर म्हणतात, आणि तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले. कागदावर आज पहिल्यांदाच उतरवतेय, कारण एक गोष्ट अशी आहे की मनातल्या मनात सांगायला गेलं की मी तिला हळूच वळसा घालते. तुमच्याशी मी एकदा धडधडीत खोटं बोलले होते, तुमच्या डोळ्यांकडे बघून. त्या खोट्याचं पुढं काय झालं ते मला गेल्या गुरुवारी कळलं.

पहिल्यापासून सांगते. मी कामाला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, पुण्यात नर्सिंग शिकून आलेली, आणि अंगात मस्ती होती. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "गाव कुठलं गं?" मी म्हटलं, लोणी. "आडनाव?" मी आडनाव सांगितलं आणि बाह्या सावरून उभी राहिले. आमच्या आडनावानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी शाळेपासून बघत आले होते. तुमच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "लोणीची म्हंजी उन्हाची सवय आसंल. बरंय, हितला कूलर बंद हाय," एवढं बोलून तुम्ही मला दोन नंबरच्या खाटेकडे पिटाळलंत. दुपारी माझ्या डब्यातली मेथीची भाजी न विचारता उचललीत, आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्या आईला नावं ठेवलीत. भांडायला म्हणून कंबर कसून गेलेल्या माणसाला समोर कुणी भांडायलाच मिळू नये, तशी माझी गत झाली.

तुम्ही निमगाव साव्याच्या, बागायतदाराच्या घरातल्या. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून लेण्याद्रीच्या गणपतीचा फोटो चिकटवलेला. कपाट उघडताना तुमचा हात आधी कपाळाला जायचा आणि मग अ‍ॅड्रेनलिनला. चतुर्थीचा उपास तुम्ही कधी चुकवला नाही, दिवसभर पाय तुटेस्तोवर काम असलं तरी. मी वडिलांच्या तालमीत वाढलेली, देव-बिव न मानणारी. मला ते सगळं बघून आतून हसू यायचं. एकदा तोंडातून निघून गेलं, "सिस्टर, तुमचा देव ड्युटीचा चार्ट बघतो का हो?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "त्यो कशाला बघंल? त्याच्यामागं लई कामं. चार्ट मी बघते." आणि खरंच बघत होतात. आम्ही लिहिलेली पल्स तुम्ही पेशंटच्या मनगटावर बोट ठेवून पुन्हा मोजायचात. देवावर इतका विश्वास असलेली आणि आमच्या आकड्यांवर इतका कमी विश्वास असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

तुमच्याकडून मी काय शिकले ते लिहायला बसले तर हा कागद पुरायचा नाही, पण एक सांगते. माझ्या पहिल्या महिन्यात एका म्हाताऱ्याच्या मुलीनं मला दारात गाठलं आणि विचारलं, वाचंल का ओ माझा बाप? मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, वाचतील, काळजी करू नका. दुपारी म्हातारा गेला. तिनं आरडाओरडा केला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही मला रागावला नाहीत. हात धुता धुता म्हणालात, "बरं व्हईल, असं आपुन कुनाला सांगायचं न्हाय. ते आपल्या हातात न्हाय. 'आमी हितंच हाय' म्हनायचं. तेवढंच खरं आसतं." त्या दिवसापासून आजपर्यंत मी तेच वाक्य वापरते, शब्द न शब्द तुमचा, आणि ते बोलताना मला कधी खाली बघावं लागलेलं नाही. यासाठी तुमचे आभार मानायचे राहून गेले.

मग एकदा डबा खाताना तुम्ही मला विचारलंत, तुमच्यात संध्याकाळी काय म्हणतात? मी जरा ताठ होऊनच सांगितलं, पंचशील म्हणतो, पाच गोष्टी, कुणी देवानं सांगितल्या म्हणून नाही, आपल्या आपण कबूल केलेल्या. तुम्ही बोटावर मोजत एकेक ऐकून घेतलंत. चौथीपाशी थांबलात. खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. "हे आपल्या धंद्यात लई अवघड हाय गं," म्हणालात, आणि जेवायच्या थांबलात. त्या वर्षी चौदा एप्रिलला मी रजा मागितली नव्हती, मागायची लाज वाटत होती. तुम्ही आपणहून माझ्या नावापुढे सुट्टी लिहिलीत आणि स्वतः दोन पाळ्या केल्यात. लोणीला पोचल्यावर मी वडिलांना ते सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, त्या बाईंना कधी फसवू नकोस.

आता त्या बिस्किटांच्या डब्याचं. आपल्याकडे येणारा प्रत्येक पेशंट अंगावर काही ना काही घेऊन येतो. दंडाला दोरा, गळ्यात ताईत, कुणाचा करदोटा, कुणाच्या मुठीत अंगाऱ्याची पुडी. सलाईन लावायचं तर ते काढावं लागतं. दुसऱ्या दवाखान्यांत पोरी कात्री चालवून कचऱ्यात टाकत. तुमचा नियम निराळा होता. कापायचा तर घरच्या माणसाला सांगून कापायचा. घरचं कुणी नसेल तर पाकिटात घालायचा, पाकिटावर खाटेचा नंबर लिहायचा, पाकीट डब्यात, आणि माणूस आलं की त्याच्या हातात द्यायचा. हवं तर त्यांनी तो खाटेच्या उशाकडच्या दांडीला बांधावा. मी एकदा कुरकुर केली, हे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं झालं म्हणून. तुम्ही म्हणालात, "दोरा खरा का खोटा ते मला कुटं ठाव हाय? पन बांधनारीचा जीव त्यात आडाकलाय, ते खरं हाय ना? मग तो काय आपल्या बापाचा न्हाय टाकायला." मला ते पटलं नव्हतं. तरी पाळत होते, कारण तुम्हाला घाबरत होते.

तो मुलगा आला ती मार्चमधली सकाळ होती. वर डोंगरातल्या आहुप्याचा, वीस-बावीस वर्षांचा, टोमॅटोच्या बागेत मजुरीला उतरलेला. फवारणीचं औषध अंगावर सांडलं आणि तो तसाच ओल्या शर्टानं काम करत राहिला. आणला तेव्हा तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, छातीत घरघर. डॉक्टर विषावरचं अ‍ॅट्रोपिन भरत होते, तुम्ही फेस ओढून काढत होतात, आणि मला म्हणालात, "कपडे काढ, आंग साबनानं धू, लवकर." मी कपडे कापले. उजव्या दंडावर काळा दोरा होता, गाठी मारलेला, औषधानं भिजलेला. तोही कापला आणि कपड्यांबरोबर पिशवीत टाकला. पिशवी मागच्या खड्ड्यात गेली आणि तासाभरात जाळून झाली. डबा माझ्या हातापासून चार पावलांवर होता. मला तो आठवला नाही असं नाही. आठवला, आणि मी म्हटलं, जाऊ दे, एक दोरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई पोचली. लहानशी, वाळलेली बाई, चपला बाहेर काढून आली. पोराच्या तोंडात नळी, हात पट्टीनं खाटेला बांधलेले, मशीन त्याचा श्वास घेतंय. ती रडली नाही. तिनं त्याच्या उजव्या दंडावर हात फिरवला आणि मला विचारलं, "बाई, दोरा कुटाय? बनातल्या देवाचा व्हता." बन म्हणजे त्यांची देवराई. मला खरं सांगता आलं असतं. औषध लागलं होतं, काढावाच लागला, माझ्या हातून जळून गेला. तीन वाक्यं होती. मी म्हटलं, "ठेवलाय, आणते." आणि ड्रेसिंगच्या ट्रॉलीकडे जाऊन टाके घालायचा काळा रेशमी धागा घेतला, भराभरा पाच गाठी मारल्या, पाच एवढ्याचसाठी की तेवढाच धागा हाताशी होता, आणि पाकिटात घालून तिला नेऊन दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, थोडा वेळ बोटांत धरला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि कपाळाला लावून खाटेच्या दांडीला बांधला. मी स्वतःवर खूश होते, सिस्टर. देव न मानणाऱ्या मुलीनं एका आईचं समाधान केलं, असं मला वाटलं.

तुम्ही संध्याकाळच्या राउंडला त्या खाटेपाशी आलात, दोऱ्यावरून एकदा बोट फिरवलंत आणि पुढे गेलात. मग मला पँट्रीत बोलावलंत. पँट्री म्हणजे आपली ती दोन माणसांची खोली, शेगडीवर नळीतून द्यायची पेज शिजायची. तुम्ही पातेल्यात पळी फिरवत होतात. "त्यो दोरा कुठल्या देवाचा म्हनायचा? टाक्याच्या?" मी सगळं सांगितलं. तुम्ही पळी थांबवली नाहीत. "टाकलास ते एक वेळ सोड. इख लागलेला व्हता, टाकायलाच पायजे व्हता. मीबी टाकला आसता, अन् तिला तसं सांगितलं आसतं. पन तू देव केलास गं. तुझा इस्वास न्हाय, अन् तिला इस्वास ठेवायला दिलास." मी रडत होते. तुम्ही पेज गाळून घेतलीत, माझ्या हातात पातेलं दिलंत आणि म्हणालात, "चौथी कुठली व्हती तुमची? मला आठवती. घरी जायच्या आदी तिला सांग. तुझ्या तोंडानं." माझ्याच घरातली गोष्ट तुम्ही मला माझ्यासमोर काढून दाखवलीत, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहज विसरले असते.

मुलगा वाचला. पाचव्या दिवशी नळी निघाली, सातव्या दिवशी त्यानं आईला ओळखलं, पुढे वॉर्डात गेला. मी रोज ठरवायची, आज सांगते. रोज ती मला बघून हात जोडायची आणि मी पुढे सटकायची. मला भीती कसली होती ते आता नीट कळतं. तिचा देवावरचा विश्वास उडेल ही नव्हती. तिचा माझ्यावरचा उडेल, ही होती. डिस्चार्जच्या दिवशी कागद घेऊन मीच गेले. गोळ्या समजावल्या, फवारणीला जाऊ देऊ नका म्हटलं. ती तो दोरा पोराच्या दंडाला बांधत होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "एसटी चुकेल, निघा." परत आले तेव्हा तुम्ही रजिस्टर लिहीत होतात. "सांगितलंस?" मी म्हटलं, हो. "काय म्हनली?" मी म्हटलं, काही नाही म्हणाली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बहुतेक क्षणभरच, पण मला तो क्षण लांब वाटला. "बरं," म्हणालात. मग पेन ठेवलंत, चपला घातल्यात, आणि औषधाच्या दुकानातून येते म्हणून बाहेर गेलात. ड्युटीवरून तुम्ही कधी अशा बाहेर पडत नव्हतात. अर्ध्या तासानं आलात, मला चहा करायला सांगितलंत, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

तीन वर्षांनी तुम्ही मला डबा दिलात. मला वाटलं, मी सुधारले असं तुम्हाला वाटतंय, आणि तेही खोट्यावर. तुम्ही आजारी पडलात तेव्हा निमगावला दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा सांगायचं ठरवून आले आणि दोन्ही वेळा तुमची उशी सारखी करून परत गेले. तुम्ही गेल्यावर मात्र मला सुटका वाटायला हवी होती, ती वाटली नाही. नवी पोरगी आली की मी तिला डबा दाखवते, तुमचा नियम सांगते, आणि सांगताना तिच्याकडे न बघता झाकण पुसत राहते. देव अजूनही मानत नाही मी. पण कपाटाच्या दारावरचा तुमचा गणपती काढलेला नाही. शेजारी एका पोरीनं येशूचं चित्र लावलंय, एकीनं कुराणातली कसलीशी आयत. औषध काढताना जिचा तिचा हात आपापल्या देवाकडे जातो, आणि मग मी सगळ्यांची पल्स पुन्हा मोजते.

गेल्या गुरुवारी मी आहुप्याला होते. घर विचारत विचारत गेले. ती आता पुरती म्हातारी झालीय. अंगणात हिरडे वाळत घातलेले, त्यांच्यापाशी बसली होती. मी ओळख सांगायच्या आत तिनं ओळखलं. "दोऱ्याच्या बाई," म्हणाली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि चौदा वर्षं अडलेली ती तीन वाक्यं एका दमात बोलून टाकली. तिनं हिरडे उलटेपालटे करत ऐकलं. मग म्हणाली, "आवो, मला तवाच ठाव व्हतं. आमच्या दोऱ्याला सात गाठी. तुमच्याला पाच व्हत्या. अन् मोठ्या बाई सांगून गेल्या की स्टँडवर."

सिस्टर, तुम्ही औषधाच्या दुकानात गेला नव्हतात.

ती सांगत होती, "आमी एसटीत बसलो व्हतो. त्या धापा टाकत आल्या. म्हनल्या, आमच्या पोरीनं दोरा टाकला, त्याला इख व्हतं, ते बराबर केलं. पन भ्याली अन् खोटं बोलली, त्याची माफी मागाया आले. माज्या पाया पडल्या ओ, येवढी मोठी बाई. मी म्हनलं, आसू द्या, पोर वाचलं माजं. तर म्हनल्या, तिला मी सांगितल्याचं कळू देऊ नका. पोरगी तिच्या पायानं येईल सांगाया. येळ लागंल, पन येईल. लई चांगली हाय ती." म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि हसली. "लई येळ लावला तुमी."

मी दोऱ्याचं विचारलं. ती म्हणाली, बनातली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी आणत नाही, तर दोरा कुठून येणार. दोरा घोडेगावच्या बाजारातला, देवापुढं ठेवला की देवाचा. "तुमचाबी मग नेऊन ठिवला देवापुढं. दोन गाठी मी मारल्या." पोरगा आता गावातच असतो, लग्न झालंय, दोरा झिजून तुटला तेव्हा तिनं दुसरा केला. तिनं मला चुलीपुढे बसवलं, नाचणीची भाकरी आणि वरण वाढलं, आणि मी जेवता जेवता रडले, तुमच्यासाठी. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, आणि बरं जास्त वाटत होतं. माझं खोटं माहीत असून तुम्ही मला तीन वर्षं शेजारी उभं केलंत, माझ्या हातात डबा दिलात, आणि माझ्याबद्दल एका परक्या बाईला तो शब्द देऊन गेलात. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या वडिलांनीही ठेवला नसेल.

हे पत्र इथंच संपवलं असतं तर माझं चित्र बरं दिसलं असतं. पण तुम्हाला लिहिताना तरी ते नको. भाकरी वाढता वाढता म्हातारीनं विचारलं, "येवढ्या लांब, ह्याच्याचसाठी आलात?" सिस्टर, मी माझ्या पायानं गेले नव्हते. डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला एका शाळेत आमचं तपासणी शिबिर होतं, ते लवकर उरकलं, आणि डॉक्टरांना देवराई बघायची होती म्हणून जीप आहुप्याला वळली. बाकीचे झाडांचे फोटो काढत होते, तेवढ्यात मी घर शोधलं. म्हातारी माझ्याकडे इतक्या आनंदानं बघत होती, तुमचा शब्द खरा झाला म्हणून. मी "हो" म्हणाले.

म्हणून हे पत्र पाकिटात घालून तुमच्याच डब्यात ठेवतेय, वर खाटेचा नंबर न लिहिता. आणि आज ड्युटीवरून येताना स्टँडवर थांबून विचारलं, घोडेगावहून आहुप्याला सकाळची एसटी किती वाजता सुटते.